जुन्या बोलेरो पिकअपचा गिअरबॉक्स बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली माहिती महिंद्राच्या जुन्या डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) डिझेल पिकअपसाठी आहे: बोलेरो पिकअप, कॅम्पर, मॅक्स. इंजिन पुढे, गिअरबॉक्स त्याच्या पाठीला आणि ताकद मागच्या चाकांना, अशी रचना असलेल्या इतर पिकअपलाही यातलं बहुतेक लागू पडतं. बोल्टचे आकडे आणि ऑइलचं माप मात्र आपापल्या मॉडेलच्या पुस्तकातूनच घ्या.

गिअरबॉक्सच गेलाय, हे खात्रीनं कसं ओळखायचं?

हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा, आणि बहुतेक वेळा तो सगळ्यात शेवटी विचारला जातो. गिअरबॉक्स उतरवून दुसरा चढवला आणि आवाज तसाच राहिला, तर दोष सुरुवातीपासूनच बाहेर होता. पाना हातात घेण्याआधी अर्धा तास या तपासणीला द्या.

गाडी उभी, इंजिन चालू, गिअर न्यूट्रलमध्ये. क्लच सोडलेला असताना घरघर येते आणि पेडल दाबल्यावर थांबते, तर इनपुट शाफ्टचं (इंजिनची ताकद आत आणणारा दांडा) किंवा काउंटर शाफ्टचं (ती ताकद बाकीच्या गिअरना देणारा जोडदांडा) बेअरिंग गेलंय. उलट, पेडल दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग. पेडल पूर्ण दाबून गिअर टाकून उभं राहिल्यावर बारीक किर्र आवाज येत असेल तर पायलट बेअरिंगवर (इंजिनच्या बाजूला इनपुट शाफ्टचं टोक धरणारं छोटं बेअरिंग) संशय घ्या, कारण त्या वेळी फ्लायव्हील फिरतं आणि इनपुट शाफ्ट थांबलेला असतो.

आता गाडी चालवून पाहा. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्यात आवाज आहे आणि चौथ्यात जवळजवळ गायब होतो, असं असेल तर काउंटर शाफ्टची बेअरिंग. चौथा गिअर सरळ असतो, ताकद इनपुटमधून थेट मेन शाफ्टला जाते आणि काउंटर शाफ्ट नुसता मोकळा फिरतो, म्हणून आवाज बसतो. गिअर कुठलाही असला तरी ठरावीक वेगालाच गाडी थरथरत असेल, तर गिअरबॉक्सला हात लावू नका. प्रोपेलर शाफ्टचे (मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा) क्रॉस, म्हणजे त्याचे हलते सांधे, आणि सेंटर बेअरिंग बघा.

गिअर टाकताना कर्रकर्र आवाज येतो. सिंक्रो गेले का?

एकाच गिअरला येत असेल तर हो, त्या गिअरची पितळी सिंक्रो रिंग (गिअर टाकताना दोन्हींचा वेग जुळवणारी कडी) झिजली असावी. सगळ्याच गिअरना येत असेल तर दोष क्लचचा आहे. प्लेट पूर्ण सुटत नाही.

खात्री करायची पद्धत सोपी आहे. इंजिन आयडलवर ठेवा, पेडल तळाला दाबून पाच सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. रिव्हर्सला बहुधा सिंक्रो नसतो, त्यामुळे तो खोटं बोलत नाही. पाच सेकंद थांबूनही दात घासले तर इनपुट शाफ्ट फिरतोच आहे. मग क्लचची वायर, मास्टर सिलिंडर, स्लेव्ह सिलिंडर, लाइनमधली हवा, वाकलेला क्लच फोर्क हे सगळं आधी तपासा. यातलं बरंचसं गिअरबॉक्स न उतरवता दुरुस्त होतं.

उतारावर गिअर आपोआप सुटतो. हे कशामुळे?

खंबाटकी किंवा कसारा उतरताना अॅक्सिलरेटर सोडला की लिव्हर न्यूट्रलला येतो, अशी तक्रार भरपूर वेळा येते. इंजिन ब्रेकिंगमध्ये दातांवर उलट्या बाजूनं जोर येतो. स्लीव्हचे (गिअरला शाफ्टशी जोडणारी सरकती कडी) आणि गिअरचे पकडीचे दात गोल झाले असतील तर ते एकमेकांवरून घसरतात. शिफ्टर फोर्क झिजलेला असेल तर स्लीव्ह पूर्ण आतपर्यंत जातच नाही. फोर्कचा दांडा जागेवर अडवणारी गोळी दाबून धरणारी स्प्रिंग थकली असेल तरी हाच प्रकार.

दोन कारणं मात्र बॉक्सच्या बाहेरची आहेत. पहिलं म्हणजे गिअरबॉक्सचं फाउंडेशन (त्याला खालून धरणारी रबरी बैठक) फाटलेलं असणं. रबर सुटलं की ताण बदलताना अख्खा बॉक्स उचलतो आणि बॉडीला टेकलेला लिव्हर मागे ओढला जातो. दुसरं म्हणजे आधीच्या कामात बेल हाउसिंगच्या (इंजिनला जोडला जाणारा, क्लच झाकणारा बॉक्सचा पुढचा भाग) गाइड पिना हरवलेल्या असणं. पिना नसल्या की बॉक्स इंजिनच्या मध्यरेषेत बसत नाही आणि चौथा गिअर सुटायला लागतो. फाउंडेशन बदलायला तासभर लागतो. म्हणून सुरुवात तिथूनच करा.

दुरुस्त करावा की बदलावा?

एखादी सिंक्रो रिंग, एखादं बेअरिंग, शिफ्टर फोर्क, ऑइल सील एवढंच असेल तर आहे तोच बॉक्स उघडून दुरुस्त करणं चांगलं. त्याचा इतिहास तुम्हाला माहीत असतो. काउंटर शाफ्टचे दात तुटले असतील, बेअरिंगची बाहेरची कडी बॉडीत फिरून तिथली जागा सैल झाली असेल, किंवा अॅल्युमिनियमच्या बॉडीला तडा गेला असेल तर बदला. सैल जागेवर पंच मारून बेअरिंग घट्ट करण्याचा उपाय काही ठिकाणी करतात. भरल्या गाडीला तो टिकत नाही.

माझ्या गाडीला कुठला गिअरबॉक्स बसेल?

"बोलेरोचा द्या" असं सांगून बॉक्स आणू नका. महिंद्राच्या गाड्यांत वर्षांनुसार आणि मॉडेलनुसार केएमटी-९०, बीए-१०, एनजीटी-५२० असे वेगवेगळे बॉक्स आले. केएमटी-९० मुख्यतः जुन्या जीपवर्गीय गाड्यांत, बीए-१० हा मूळचा प्युजोच्या घराण्यातला, एनजीटी नंतरचा. इंजिन दिसायला एकच असलं तरी बेल हाउसिंग, इनपुट शाफ्टची लांबी, लिव्हरची जागा वेगळी असू शकते.

म्हणून आपला बॉक्स आधी उतरवा आणि शक्य असेल तर टेम्पोत घालून दुकानात सोबतच न्या. नाहीच जमलं तर ही मापं लिहून न्या:

- इनपुट शाफ्टच्या आट्यांची (क्लच प्लेट ज्यांवर सरकते ते लांब दात) संख्या आणि बाहेरचा व्यास
- शाफ्टच्या टोकाचा, म्हणजे पायलट बेअरिंगमध्ये जाणाऱ्या भागाचा व्यास
- बेल हाउसिंगच्या तोंडापासून शाफ्टचं टोक किती पुढे किंवा आत आहे
- बोल्टच्या भोकांचा नकाशा (पुठ्ठा तोंडावर ठेवून भोकं दाबून घ्या, हा सगळ्यात खात्रीचा मार्ग)
- बेल हाउसिंगच्या तोंडापासून मागच्या फ्लँजपर्यंतची लांबी
- त्याच तोंडापासून फाउंडेशनच्या बोल्टपर्यंतचं अंतर
- मागच्या फ्लँजच्या भोकांचं अंतर
- स्पीडोमीटर केबलवर चालतो की सेन्सरवर

व्हर्निअर नसेल तर विकत घ्या. आटे मोजताना एका आट्याला खडूची खूण करा, नाहीतर मोजणी हमखास चुकते.

चार स्पीडचा काढून पाच स्पीडचा बसवता येतो का?

वरची सगळी मापं जुळली, किंवा कुठे काय बदलायचं हे आधीच ठरलं, तर येतो. पाच स्पीडचा बॉक्स बहुधा लांब असतो. मग क्रॉस मेंबर (बॉक्सला आधार देणारी चेसिसची आडवी पट्टी) मागे सरकवावा लागतो, पुढचा प्रोपेलर शाफ्ट आखूड करून पुन्हा बॅलन्स करावा लागतो, लिव्हरसाठी फ्लोअर कापावा लागतो. शाफ्ट नुसता कापून वेल्डिंग करून लावू नका. बॅलन्स नसलेला शाफ्ट नव्या बॉक्सचं मागचं बेअरिंग आणि सील दोन्ही खातो.

फायदा किती, याचा हिशोब आधी करून बघा. समजा चाकाचा घेर २.१५ मीटर आहे. ताशी ६० किलोमीटरला चाक मिनिटाला साधारण ४६५ फेरे घेतं. डिफरन्शियलचं प्रमाण ४ धरलं तर सरळ चौथ्या गिअरमध्ये इंजिन १८६० फेऱ्यांवर चालतं. पाचवा ०.८ चा असेल तर तेच १४९० वर येतं. रिकामी गाडी हायवेवर पळवायची असेल तर हा फरक सुखाचा आहे. पण लासलगावहून कांदा भरून घाट चढणाऱ्या गाडीला पाचवा गिअर वापरायची वेळच क्वचित येते. भरल्या गाडीला १५०० च्या खाली पाचव्यात रेटलं तर इंजिन गुदमरतं आणि दातांवर हातोडे बसल्यासारखे धक्के बसतात. फक्त मायलेजसाठी एवढी कापाकापी करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

जुन्या बाजारातून घेताना काय तपासायचं?

कुर्ल्यासारख्या ठिकाणी बॉक्स धुऊन, रंग मारून ठेवलेले असतात. रंगाकडे बघू नका. ड्रेन प्लग उघडायला सांगा. प्लगच्या टोकाला चुंबक असेल तर त्यावर करडी, मऊ पेस्ट असणं ठीक आहे. टोचणारे चकचकीत तुकडे असतील तर दात किंवा बेअरिंग गेलंय. पिवळसर चमक म्हणजे सिंक्रोचं पितळ. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. पुरातून निघालेल्या गाडीचा बॉक्स असण्याची शक्यता धरा आणि सोडून द्या.

मग टॉप कव्हर उघडून गिअरचे दात आणि पकडीचे दात बघा. पकडीच्या दातांची टोकं छपरासारखी धारदार हवीत. गोल झाली असतील तर तोच बॉक्स उद्या उतारावर गिअर सोडणार.

शेवटी हातानं फिरवा. एकेक गिअर टाकून इनपुट आणि आउटपुटला खडूनं खूण करा. चौथ्यात दोन्ही बरोबर एकास एक फिरले पाहिजेत. पाचवा ०.८ चा असेल तर इनपुटच्या ८ फेऱ्यांत आउटपुट १० फिरेल. पहिल्यात आउटपुटची एक फेरी व्हायला इनपुटचे किती फेरे लागतात ते मोजा आणि आपल्या बॉक्सशी ताडून बघा. बाहेरून सारखे दिसणारे पण आतले गिअर वेगळे, असे बॉक्स इथेच पकडले जातात. इनपुट शाफ्टचं टोक वर-खाली थोडं हलतं. ते चालतं, कारण त्याला खरा आधार पायलट बेअरिंगचा असतो. मागची फ्लँज मात्र वर-खाली हलता कामा नये.

पक्कं बिल घ्या आणि परत करण्याची मुदत त्यावर लिहून घ्या. नवा बॉक्स गाडीत चालून दाखवेपर्यंत जुना भंगारात देऊ नका. लिव्हरची बुशिंग, ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारी नळी), स्विच असं काहीतरी त्यातून हमखास लागतं.

काय काय सामान आणून ठेवायचं?

क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकत्र. पायलट बेअरिंग किंवा बुश. गिअरबॉक्सचं पुढचं आणि मागचं ऑइल सील, आणि क्रँकचं मागचं सील. फाउंडेशन. प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस सैल असतील तर तेही. गिअर ऑइल, ब्रेक ऑइल (डॉट ३ किंवा ४, मास्टर सिलिंडरच्या झाकणावर लिहिलेलं), सिलिकॉन गॅस्केट, बोल्ट लॉक करायचा द्रव, ब्रेक क्लीनर, उच्च तापमानाचं ग्रीस.

क्लच जेमतेम अर्धा झिजलाय म्हणून तोच परत टाकण्याचा मोह होतो. पण त्या प्लेटसाठी पुन्हा हेच सगळं उतरवावं लागणार. मजुरी एकदाच द्या.

रॅम्प नाही. अंगणात हे काम होईल का?

होईल, जमीन पक्की आणि सपाट असेल तर. दोन माणसं हवीत. बॉक्सचं वजन साधारण ३५ ते ५० किलो असतं, आणि ते छातीवर पेलायचं वजन नाही. गिअरबॉक्स जॅक भाड्यानं मिळतो. तो नसेल तर ट्रॉली जॅकवर लाकडी पाट बांधा आणि बॉक्स पट्ट्यानं त्याला आवळा.

चारही बाजूंना चेसिसखाली घोड्या (जॅक स्टँड) लावा. फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका, विटांवरही नाही. वीट दाबाखाली न सांगता फुटते. गाडी उचलताना जमिनीवर असलेल्या चाकांना पुढून-मागून उटी लावा. अनुभवी गॅरेजला अर्धा दिवस पुरतो. पहिल्यांदा करणाऱ्यानं पूर्ण दोन दिवस धरावेत.

उतरवण्याचा क्रम काय?

बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा. स्टार्टरची जाड तार थेट बॅटरीला जोडलेली असते आणि पाना चेसिसला टेकला तर वेल्डिंगसारखी ठिणगी उडते. आतून लिव्हरचा बूट आणि लिव्हर काढा, भोकात स्वच्छ फडकं कोंबा.

खाली जाऊन ऑइल काढा. त्याआधी भरायचा प्लग सुटतो ना, हे बघा. काढायचा सुटला आणि भरायचा गंजून बसला तर गाडी तिथेच अडकते.

प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही फ्लँजवर आणि मधल्या सरकत्या जोडावर रंगानं रेघ ओढा. लांब व्हीलबेसच्या गाडीत शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो. सरकता जोड एक आटा जरी चुकीचा बसला तरी दोन्ही क्रॉस एका रेषेत राहत नाहीत आणि गाडी ५०-६० च्या वेगाला थरथरायला लागते. शाफ्ट लोंबकळत ठेवू नका, तारेनं वर बांधा.

मग स्पीडोमीटरची केबल, रिव्हर्स लाइटच्या तारा, स्टार्टर. क्लच हायड्रॉलिक असेल तर स्लेव्ह सिलिंडर पाइप न सोडता अख्खा बाजूला करून बांधा, आणि केबिनमध्ये कुणाला पेडल दाबू देऊ नका. पिस्टन बाहेर उडतो. वायरचा क्लच असेल तर नट किती आट्यांवर होता ते मोजून ठेवा. सायलेन्सरचा पुढचा पाइप आडवा येत असेल तर तोही सोडा.

आता इंजिनला आधार. संपखाली (इंजिनची खालची ऑइलची टाकी) रुंद लाकूड ठेवून दुसरा जॅक हलकेच टेकवा. क्रॉस मेंबर काढला की इंजिन मागे कलतं. त्या वेळी एकानं बॉनेटमध्ये बघत राहावं. पंखा रेडिएटरच्या कव्हरला लागतोय का, होस ताणला जातोय का, अर्थची पट्टी तुटतेय का.

बेल हाउसिंगचे बोल्ट काढताना खालचे दोन शेवटी ठेवा. बोल्टची लांबी जागेनुसार वेगळी असते, म्हणून पुठ्ठ्यावर बेल हाउसिंगचं चित्र काढून प्रत्येक बोल्ट त्या-त्या जागी खोचा.

वरचे बोल्ट पोहोचत नाहीत.

इंजिनचा मागचा भाग जॅकवर दोन-तीन इंच खाली येऊ द्या. बेल हाउसिंगचा माथा फायरवॉलच्या मागून खाली येतो. मग दोन फुटी एक्स्टेंशन आणि लवचीक जॉइंट गिअरबॉक्सच्या वरून, मागच्या बाजूनं पुढे घाला. सॉकेट सहा पैलूंचाच वापरा. गंजलेल्या बोल्टवर बारा पैलूंचा सॉकेट घसरला की पुढचा दिवस तिथेच जातो. आदल्या रात्री गंज सोडवणारा द्रव मारून ठेवलात तर उत्तम.

बॉक्स सुटला, पण मागे येत नाही.

बहुधा एखादा बोल्ट राहिलेला असतो. पुन्हा मोजा. सगळे निघाले असतील तर गाइड पिना गंजून धरल्यात. दोन्ही बाजूंनी रुंद पट्टी घालून थोडं-थोडं उचका. स्क्रूड्रायव्हर एकाच जागी मारला तर अॅल्युमिनियमचं तोंड खरवडतं. मागे ओढताना जॅकची उंची सतत जुळवत राहा. बॉक्सचं वजन इनपुट शाफ्टवर लटकलं तर क्लच प्लेटचा हब वाकतो. जुनी प्लेट फेकायची असेल तर वाकली तरी चालतं, पण चढवताना हीच चूक नव्या प्लेटची वाट लावते.

उतरल्यावर इंजिनच्या बाजूला काय बघायचं?

आधी ती काळी धूळ हवेनं उडवू नका. जुन्या प्लेटच्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनर मारून ओल्या फडक्यानं पुसा.

फ्लायव्हीलवर निळसर डाग, केसाएवढ्या चिरा, नखाला लागणाऱ्या चरा असतील तर लेथवर साफ करून घ्या. चिर खोल असेल तर बदला. रिंग गिअरचे दात एका ठिकाणी खाल्लेले असतील तर तेही आताच. फ्लायव्हीलच्या खाली ओलसर तेल दिसलं तर वास घ्या. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र दर्प असतो, इंजिन ऑइल काळं आणि जळकट. यावरून गळती गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलची की क्रँकच्या, हे कळतं.

पायलट बेअरिंग कसं काढायचं?

पुलर नसेल तर ग्रीसनं निघतं. बेअरिंगच्या मागच्या पोकळीत ग्रीस ठासून भरा. इनपुट शाफ्टच्या टोकाएवढ्याच जाडीचा रॉड घ्या. जुना इनपुट शाफ्ट असेल तर सर्वात छान. तो भोकात घालून हातोड्यानं ठोका. ग्रीस दबत नाही, त्याला जायला जागा नसते, म्हणून ते बेअरिंगला मागून बाहेर ढकलतं. दर दोन-तीन घावांनंतर रॉड काढून पुन्हा ग्रीस भरा. रॉड सैल असेल तर ग्रीस बाजूनं पिचकारीसारखं अंगावर येतं. ओल्या वर्तमानपत्राचे बोळे भरूनही हेच होतं आणि घाण कमी होते. नवं बसवण्याआधी पोकळीतलं सगळं ग्रीस काढा. राहिलेलं ग्रीस गरम होऊन प्लेटवर उडतं.

क्लच प्लेट कुठल्या तोंडानं लावायची?

हबचा उंच, स्प्रिंगचा भाग गिअरबॉक्सकडे. प्लेटवर फ्लायव्हीलची बाजू छापलेली असेल तर ती वाचा. उलटी लागली तर हब फ्लायव्हीलच्या बोल्टना घासतो, क्लच सुटत नाही आणि सगळं परत खाली उतरतं. प्लेट आधी इनपुट शाफ्टवर घालून हातानं सरकते ना ते पाहा. आट्यांवर ग्रीसचा पातळ हात द्या आणि जादाचं पुसून काढा.

प्लेट मध्यावर आणायला जुना इनपुट शाफ्ट किंवा प्लास्टिकचा सेंटरिंग रॉड वापरा. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, थोडे-थोडे, तीन फेऱ्यांत आवळा. शेवटी रॉड सहज आत-बाहेर झाला पाहिजे.

बॉक्स जवळजवळ बसला, शेवटचा अर्धा इंच राहिलाय. बोल्टनं ओढून घेऊ का?

नाही. या कामातली सगळ्यात महागडी चूक हीच आहे. फट राहिली याचा अर्थ इनपुट शाफ्टचं टोक पायलट बेअरिंगच्या कडेला टेकलंय, किंवा आटे जुळलेले नाहीत. बोल्ट आवळले की बेल हाउसिंगचा कान तुटतो, नाहीतर पायलट बेअरिंग चिरडतं, नाहीतर प्लेटचा हब फाटतो. यातलं पहिलं लगेच दिसतं, उरलेली दोन्ही मात्र हजार किलोमीटरनंतर.

चौथा गिअर टाका आणि मागची फ्लँज हातानं हळू फिरवत पुढे ढकला, म्हणजे आटे जुळतील. फट चारही बाजूंनी सारखी आहे का, हे फूटपट्टीनं मोजा. वर जास्त आणि खाली कमी असेल तर बॉक्सचं शेपूट खाली आहे, वर घ्या. इंजिन जितकं कललंय तितकाच बॉक्स कललेला हवा. दोन लांब बोल्टची डोकी कापून ती खुंटीसारखी इंजिनच्या भोकांत लावली तर बॉक्स त्यांवरून सरळ सरकतो. सगळं जुळलं की तो शेवटचा अर्धा इंच हाताच्या रेट्यानं, 'टक' आवाज करून जातो. तो आवाज आल्याशिवाय पाना उचलू नका.

गाइड पिना दोन्ही जागेवर आहेत ना, हे चढवण्यापूर्वी बोटानं चाचपा. जुन्या इंजिनवर त्या नसल्या तर नव्या मिळवा आणि मगच पुढे जा.

बोल्ट किती आवळायचे?

पुस्तकातला आकडा पहिला. तो हाताशी नसेल तर ८.८ छापाच्या कोरड्या बोल्टसाठी सर्वसाधारण मर्यादा अशी: ८ मि.मी. ला २५ न्यूटन-मीटर, १० मि.मी. ला ४५ ते ५०, १२ मि.मी. ला ८० ते ८५. फ्लायव्हीलच्या बोल्टना हा नियम लावू नका. ते वेगळ्या प्रतीचे असतात, पुस्तकाप्रमाणेच आवळायचे आणि लॉकिंग द्रव लावायचा. ऑइलचे प्लग अॅल्युमिनियममध्ये असतात, तिथे जोर दाखवायचं कारण नाही.

ऑइल कुठलं आणि किती?

पुस्तकात दुसरं काही नसेल तर जीएल-४ प्रतीचं ८०डब्ल्यू-९०. दुकानात "नव्वद नंबर द्या" म्हटलं की डिफरन्शियलचं जीएल-५ हातात येण्याची शक्यता असते. जाडी तीच, पण त्यातली जास्त दाबासाठीची गंधकयुक्त रसायनं गरम झाली की सिंक्रोच्या पितळाला बाधू शकतात, आणि ते निसरडं असल्यानं सिंक्रो गिअरला वेळेत पकडत नाही. थंडीत सकाळी दुसरा गिअर कुरकुरतो, तो बरेचदा यामुळेच. डब्यावरचा आकडा स्वतः वाचा.

या वर्गातल्या बॉक्सना साधारण दीड ते अडीच लिटर लागतं. मापापेक्षा पातळी महत्त्वाची. गाडी सपाट जमिनीवर ठेवा आणि भरायच्या भोकातून ओघळेपर्यंत भरा. भरण्याआधी वरचा ब्रीदर फुंकून मोकळा करा. तो चिखलानं बुजला असेल तर आत दाब वाढतो आणि नवी सीलं आठवड्यात गळायला लागतात.

पेडल कसं सेट करायचं?

वायरच्या क्लचला पेडलच्या सुरुवातीला साधारण २० मि.मी. मोकळी चाल ठेवा. मोकळी चाल नसेल तर रिलीज बेअरिंग सतत दाबाखाली फिरून जळतं. हायड्रॉलिकमध्ये पाइप उघडला असेल तर हवा काढा: एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं निपल उघडून बंद करायचा, मगच पेडल सोडायचं. बुडबुडे थांबेपर्यंत. टाकी मध्येच रिकामी झाली तर पहिल्यापासून.

फोर-व्हील-ड्राइव्ह कॅम्पर असेल तर?

ट्रान्सफर केस (पुढच्या चाकांनाही ताकद वाटून देणारा मागचा बॉक्स) आधी वेगळा उतरवा. दोन्ही एकत्र उतरवले की वजन मागे झुकतं आणि जॅकवरून घसरतं. पुढच्या प्रोपेलर शाफ्टवरही खुणा करा, आणि ट्रान्सफर केसमधलं ऑइल वेगळं असतं, ते विसरू नका.

आरटीओत नोंद करावी लागते का?

आरसी बुकात चेसिस नंबर आणि इंजिन नंबर असतो, गिअरबॉक्सचा नसतो. त्याच प्रकारचा बॉक्स बदलणं ही दुरुस्ती आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये ज्या बदलांना मनाई आहे, ते आरसीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा करणारे असतात. इंजिनही बदलणार असाल किंवा चेसिस कापणार असाल तर आधी आरटीओत विचारा. जुन्या बाजारातून घेतलेल्या बॉक्सचं बिल मात्र जपून ठेवा, तो चोरीच्या गाडीतला नाही याचा तुमच्याकडे तेवढाच पुरावा असतो. मालवाहू गाडी आठ वर्षांपुढची असेल तर दरवर्षी फिटनेस असतो. त्याआधी रिव्हर्स लाइट आणि स्पीडोमीटर चालतो ना ते बघा, या कामानंतर हेच दोन जोडायचे राहून जातात.

काम झाल्यावर पहिले काही दिवस काय काळजी घ्यायची?

घोड्यांवरच इंजिन चालू करून सगळे गिअर टाकून बघा, पण गाडीखाली कुणी नसताना. मग रिकामी गाडी दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा आणि खाली पुठ्ठा पसरून ठेवा, गळती सकाळी पुठ्ठ्यावर दिसेल.

१०० किलोमीटरनंतर प्रोपेलर शाफ्टचे, फाउंडेशनचे आणि क्रॉस मेंबरचे बोल्ट पुन्हा आवळा. नव्या प्लेटला बसायला ३०० ते ५०० किलोमीटर लागतात. तोवर पूर्ण लोड घेऊन घाटात अर्ध्या क्लचवर गाडी धरू नका. जुन्या बाजारातला बॉक्स असेल तर ५०० ते १००० किलोमीटरवर ऑइल एकदा बदला आणि ड्रेन प्लगचं चुंबक पुसून बघा. पहिल्या वेळी थोडी करडी पेस्ट निघेलच. दुसऱ्या वेळीही तेवढीच निघाली, किंवा बोटाला टोचणारं काही लागलं, तर परत करण्याची मुदत संपायच्या आत बॉक्स दुकानदाराकडे न्या.